पथरोल्याची पाच माणसं

सारं जबलपूर ज्या वेळी कूस बदलून पुन्हा झोपतं, त्या वेळी दिवाकर अंधारात मोजे शोधत असतो. गेली कित्येक वर्षं शोधतो आहे आणि दोन्ही मोजे एका जागी सापडल्याचं त्याला आठवत नाही. त्या दिवशी मोज्यांच्या आधी त्याची बायको यामिनी पलंगाखाली वाकली आणि तिनं कजलियांचे दोन द्रोण बाहेर ओढले.

"पाहा, चांगल्या पिवळ्या झाल्या," ती म्हणाली. "चिन्मयी रोज ओरडून राहिली होती, वास येऊन राहिला म्हणून. नीट न्या बरं. गाडीत कुणाच्या पायाखाली गेल्या तर आता नवीन उगवायला वेळ नाही."

"मांडीवर घेऊन बसतो."

"आणि माणसं? पाच होतात ना?"

"सगळे हो म्हणून राहिले."

"हो म्हणायला काय लागतं," यामिनी म्हणाली आणि डबा भरायला आत गेली. बायका खरं बोलतात आणि वर भाजीत मीठ बरोबर घालतात, त्यामुळे त्यांच्याशी भांडायला जागा उरत नाही.

कजलिया म्हणजे द्रोणात माती घालून पेरलेला गहू. अंधारात वाढवला की त्याची रोपं पिवळीधमक येतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी ती उपटायची, एकमेकांच्या हातात द्यायची, कानावर खोचायची, थोरांच्या पाया पडायचं आणि वर्षाची भांडणं मिटवायची. मराठी माणसाच्या पंचांगात हा सण नाही. पण देश तसा वेश. दोन पिढ्या या मुलखात राबल्यावर भंडाऱ्याकडून आलेल्या घरांमध्येही पलंगाखाली गहू उगवायला लागला.

या सणाची दुसरीही एक बाजू आहे, आणि दिवाकर त्या दिवशी तिच्याच मागे होता. ज्या घरात वर्षभरात माणूस गेलं, त्या घरी कढई चढत नाही. ना पुरी, ना गोडधोड, ना मंगलकार्य. मग कजलियांच्या दिवशी वस्तीतली निदान पाच माणसं त्या घरी जातात, घरच्या बाईच्या हातात रोपं देतात, म्हणतात, "आता सण करा." ती कढई ठेवते, हे तिथंच बसून खातात, आणि त्या घराचं दुःख लोकांनी उचललं असं समजायचं. याला सण उठवणं म्हणतात. कजलिया चुकल्या तर मग थेट होळीलाच उठवता येतो.

घर होतं खाणीपाशी पथरोल्याच्या वस्तीत राहणाऱ्या सत्यवतीकाकूंचं. त्यांचे यजमान विष्णुपंत माघात गेले होते. आणि मुलगी हर्षा हिचं जबलपूरला जमत आलं होतं. मुलाची नेपियर टाउनला औषधांची एजन्सी होती. साखरपुडा एवढ्यासाठीच अडला होता की मुलाकडची माणसं रीतीला कडक. होळीपर्यंत थांबायला ती तयार नव्हती. त्यांना दुसऱ्या मुली सांगून येत होत्याच. आषाढात काकूंचा फोन आला तेव्हा त्या फार बोलल्या नाहीत. "दिवाकर, कजलियांले पाच माणसं घेऊन ये. पथरोल्याचं पाणी प्यालेली पाहिजेत. तुझ्यावर सोडलं," एवढंच.

विष्णुपंत खाणीतले फोरमन. दिवाकरचे वडील नागपूरच्या इस्पितळात पडून होते तेव्हा दिवाकर त्यांच्या घरी जेवला, झोपला आणि त्यांच्याच शब्दावर कामाला लागला. अशा घराचं काम अंगावर आलं की नाही म्हणता येत नाही.

खाणीची गाडी ग्वारीघाट रोडच्या वळणावर आली. दिवाकर चढला आणि द्रोण मांडीवर घेऊन बसला. या गाडीत जागा ठरलेल्या आहेत, झोपायच्या पद्धतीही ठरलेल्या आहेत. कोणी गमछा खिडकीच्या गजाला बांधून त्यात डोकं अडकवतं, कोणी पुढच्या सीटच्या पाठीवर कपाळ टेकतं. नेपियर टाउन येईपर्यंत अर्धी गाडी घोरायला लागते, पनागर येईपर्यंत उरलेली. सिहोऱ्याच्या पुढे कुणाला उठवावं लागत नाही, कारण तिथं चार पदरी रस्ता संपतो आणि खड्डे आपणहून उठवतात.

हा चार पदरी रस्ताच पथरोल्याला बाधला. त्याच्याआधी जबलपूर लांब होतं. खाणीत काम करायचं तर खाणीपाशी राहायचं, एवढी साधी गोष्ट होती. क्वार्टरच्या चार ओळी होत्या, शाळा होती, मंगळवारचा बाजार होता, गणपतीत नाटक होतं आणि नाटकात बाईचं काम कुणी करायचं यावरून वर्षभर टिकणारं वैर होतं. मग रस्ता झाला, खाणीनं गाडी दिली, आणि लोकांच्या लक्षात आलं की जबलपूरला राहूनही खाणीत येता येतं. पहिल्यांदा कॉलेजवाली पोरं असलेली घरं गेली. मुलांच्या शिक्षणाचं नाव घेतलं की मराठी माणसाला कुठूनही उठून जाता येतं, वर चार लोक कौतुकही करतात. ती गेली तसे बाजारात भाजीवाले कमी झाले. मग शाळेत पोरं कमी झाली आणि शाळा बंद झाली. मग आठवड्यातून दोनदा येणारा डॉक्टर येईना. ज्यांना जायचं नव्हतं त्यांनाही मग जावं लागलं. आधी गेलेल्यांनी मागच्यांसाठी जाण्याची कारणं तयार करून ठेवली होती. दिवाकर आधी गेलेल्यांमधलाही नव्हता आणि अगदी शेवटच्यांमधलाही नव्हता. तो मधला, म्हणजे ज्याला कोणी दोष देत नाही असा.

क्वार्टर रिकामे पडले आणि त्यांच्यापलीकडे पत्र्याचे शेड उभे राहिले. त्यात ठेकेदाराची माणसं. दूरदूरहून येतात, दोन-तीन महिने राबतात, घरी जातात, दुसरी येतात. त्यांची नावं पाठ होईपर्यंत ती बदललेली असतात. ती वाईट नाहीत. पण जो पाहुणा होळीच्या आधी येऊन दिवाळीच्या आधी जातो, त्याच्याशी वैरसुद्धा धरता येत नाही, मग मैत्री कुठली.

वस्तीत स्वतःचं घर बांधलेले तेवढे विष्णुपंत राहिले. ते रविवारी गेले. रविवारी गाडी नसते. फोन पुष्कळांना गेले, पण रविवार हा गाडीवाल्यांचा झोपेचा वार. दिवाकरचाही फोन उशाशी बंद पडला होता. सोमवारी सगळे नेहमीसारखे गाडीनं उतरले आणि शिफ्ट संपल्यावर भेटायला गेले, तोवर सगळं उरकलं होतं. काकूंनी कुणाला एक शब्द बोलून दाखवला नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पनागरच्या अलीकडे दिवाकरनं विक्कीला कोपरानं ढोसलं. विक्की डंपर चालवतो. पथरोल्याच्याच शाळेत तो आणि दिवाकर शिकले, फक्त विक्की दहा वर्षांनी मागे.

"बोलेरोचं पक्कं आहे ना?"

"पक्कं आहे भैया. सिहोऱ्याचा आहे, आपल्या ओळखीचा. पण तो म्हणे मले परत जाऊन दुसरी सवारी आहे, जास्त थांबणार नाही."

"अर्धा तास तर थांबशील म्हणावं."

"सांगितलं ना. झोपू द्या आता."

सगळी भानगड परतीची होती. खाणीची गाडी शिफ्ट संपली की थांबत नाही, आणि तिला थांबवायचं म्हणजे चाळीस थकलेल्या माणसांचा शाप घ्यायचा. ती चुकली तर वस्तीतून जबलपूरला जायला काही नाही. म्हणून बोलेरो. दिवाकर, विक्की, कोष्टी बंधू दोघे आणि रेवतकर. पाच. दिवाकर दोन आठवडे या चौघांच्या मागे लागला होता. पथरोल्यात एके काळी कुणाच्या घरी मीठ संपलं तरी पाच माणसं आपोआप जमायची.

दिवसभर ड्रिलच्या धुळीत दिवाकरच्या मनात तेवढाच एक हिशेब चालला होता. जेवायच्या सुट्टीत त्यानं रेवतकरला पुन्हा आठवण दिली. रेवतकर म्हणाला, "हौ रे, किती वेळा विचारशील?" ते ऐकून दिवाकरला धीर यायला हवा होता, पण उलटंच झालं. जो खरंच येणार असतो तो चिडत नाही.

शिफ्ट सुटली. दिवाकर हातपाय धुऊन द्रोण घेऊन गाडीपाशी आला तर रेवतकर खिडकीशी बसून डोळ्यांवर गमछा टाकून चक्क झोपला होता. इतक्या लवकर खरी झोप कुणाला लागत नाही. दिवाकरनं त्याला हलवलं.

"दिवाकर," गमछ्याखालून आवाज आला, "कंबर गेली रे माझी. खरंच सांगून राहिलो. काकूंले माझा नमस्कार सांग."

"नमस्काराने सण उठते काय?"

गमछा हलला नाही. दिवाकरला संताप यायला हवा होता, पण आला नाही. ती कंबर कशी जाते हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या स्वतःच्या कंबरेत दुपारपासून कळ होती, आणि त्या मऊ सीटवर बसून डोळे मिटायची इच्छा त्यालाही इतकी झाली की त्यानं घाईनं पाय मागे घेतला. तेवढ्यात थोरला कोष्टी गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा दिसला.

"चार जणांनीच जायचं तर कशाला जायचं?" तो धाकट्याला समजावत होता. "पाच पाहिजेत अशी रीत आहे. चारनं काही होत नाही, उगाच त्या बाईला त्रास."

"दादा, उतर," धाकटा म्हणाला.

"मी रीतीचं सांगून राहिलो."

गाडीनं हॉर्न दिला. थोरल्याचा पाय पायरीवरच होता. आता हाही गेला की विक्की जाईल, आणि मग आपण एकटे द्रोण घेऊन उभे, असं चित्र दिवाकरला स्वच्छ दिसलं. तेव्हा मागच्या सीटवरून अनिमेष उठला. हा सर्व्हेतला तरुण इंजिनियर. जबलपूरच्या जुन्या मराठी घराण्यातला. पूर्वज कुठल्या तरी सुभेदाराबरोबर आले आणि इथलेच झाले. मराठी सगळं समजतं, बोलायला तोंड उघडलं की हिंदी येतं.

"दिवाकरजी, मैं चलूँ? पाँचवाँ?"

"अरे, पथरोल्याचं पाणी प्यालेला पाहिजे."

"रोज कूलर का पीता हूँ. उतने से चलता हो तो देखिए."

विक्की मोठ्यानं हसला. थोरल्या कोष्ट्याला हसावं की नाही कळेना, पण पाय मात्र खाली आला. गाडी धूळ उडवत गेली. खिडकीत रेवतकराचा गमछा तसाच होता.

बोलेरो नाक्यावर उभी होती. तिला घराजवळ यायला सांगून हे पाच जण क्वार्टरच्या ओळींमधून पायी निघाले. श्रावण असल्यानं सगळीकडे रान माजलं होतं. दारांच्या कुलपांना गंज चढला होता. आपापल्या जुन्या दारावरून जाताना प्रत्येकानं एकदा तिकडे पाहिलं आणि मग रस्त्याकडे. धाकटा कोष्टी म्हणाला, "आमच्या दारातलं पेरूचं झाड केवढं झालं." अनिमेष सगळं पाहत होता. तो रोज खाणीत येत होता, पण या ओळींमध्ये त्याचं पाऊल पहिल्यांदाच पडलं होतं. त्यानं विचारलं, "इतने लोग रहते थे यहाँ?" विक्की म्हणाला, "इससे दुगने."

काकूंचं अंगण झाडलेलं होतं, सडा घातलेला होता. हर्षा दारात उभी होती, तिनं पाचही जणांकडे पाहिलं आणि "आई, आले गं!" अशी इतक्या मोठ्यानं हाक मारली की विक्कीच्या डोळ्यांत पाणी आलं.

सत्यवतीकाकू बाहेर आल्या. रोडावल्या होत्या. अनिमेषकडे पाहून म्हणाल्या, "हे कोण?"

"जबलपूरचे आहेत काकू. रेवतकरची कंबर धरली, म्हणून त्याच्या जागी."

"बसा बाबू. जो आला तो पथरोल्याचा."

दिवाकरनं द्रोणातली रोपं उपटली, मुळांची माती झटकली आणि काकूंच्या ओंजळीत ठेवली. खाली वाकून पाया पडला. इतके दिवस पाठ केलेलं वाक्य होतं. "काकू," तो म्हणाला, "काका गेले ते आमचेपण गेले. आता सण करा."

एकेकानं रोपं दिली. अनिमेषला वाक्य येत नव्हतं, त्यानं नुसते हात जोडले. काकूंनी ओंजळ छातीशी धरली आणि रडल्या. लाजून नाही, लपवून नाही. मोठ्यानं रडल्या, तेरवीला रडल्या नव्हत्या तेवढ्या. कोष्टी बंधू जमिनीकडे पाहत होते. मग पदरानं तोंड पुसून त्या उठल्या. "चला," म्हणाल्या, "कढई ठेवते."

पीठ मळून तयार होतं. बटाट्याची भाजी झाली होती. कढईत तेल पडलं आणि त्या घरात कितीतरी महिन्यांनी तळणाचा वास सुटला. त्याच वेळी बाहेर बोलेरोनं हॉर्न दिला.

थोरला कोष्टी चुळबुळला. "काकू, असं करता काय... डब्यात भरून देता काय?"

"डब्यानं सण उठत नाही रे," काकू आतून म्हणाल्या. "बस मुकाट्यानं. हात चालून राहिले माझे."

हात खरंच चालत होते. त्या दोन-दोन पुऱ्या सोडत होत्या, हर्षा लाटत होती, आणि मायलेकींना काही तरी घाई झाल्यासारखी दिसत होती. दिवाकरला वाटलं, आपल्या गाडीची काळजी करतात बिचाऱ्या. पहिली पुरी त्याच्या ताटात पडली. गरम पुरी भाजीत बुडवून तोंडात टाकली आणि त्याला फार दिवसांनी असं वाटलं की आज आपण कमाईशिवाय दुसरं काही तरी केलं. पाठ भिंतीला टेकली. ही भिंत त्याच्या ओळखीची होती. त्या क्षणी तो इतका थकलेला आणि इतका सुखी होता की दोन्ही गोष्टी वेगळ्या काढता आल्या नसत्या.

अशा वेळी माणूस बडबडतो. दिवाकरही बोलू लागला.

"काकू, आता साखरपुडा इथंच करायचा. या अंगणात. मांडव मी पाहतो. आपल्या खाणीवाल्यांची गाडी रविवारी रिकामी असते, ती ठरवू आणि जबलपूरची सगळी माणसं उलटी इथं आणू. मुलाकडच्यांनाही पाहू दे, पथरोला काय होता ते. काय विक्की?"

"एक नंबर भैया," विक्की पुरी चावत म्हणाला.

काकूंनी शेवटची पुरी काढली, गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत बाहेर येऊन दिवाकरसमोर बसल्या.

"दिवाकर," त्या म्हणाल्या, "तुमच्या गाडीत दोन माणसांची जागा होईल काय रे?"

"कोण दोन?"

"मी आणि हर्षा."

"जबलपूरला? होईल की. बाजार करायचा असेल ना साखरपुड्याचा. परत कधी यायचं?"

हर्षानं मधल्या खोलीचा पडदा बाजूला केला. आत दोन बॅगा, एक वळकटी आणि दोरीनं बांधलेली एक पेटी होती. भिंतींवरचे फोटो उतरवलेले होते. त्यांच्या जागी फिकट चौकोन तेवढे उरले होते. दिवाकरच्या हातातला घास हातातच राहिला.

"गीतांजलीनं खोल्या पाहिल्या," काकू म्हणाल्या. गीतांजली ही त्यांच्या बहिणीची मुलगी. "ग्वारीघाट रोडले. तुझ्या मागच्या गल्लीतच आहेत म्हणे. साखरपुडा तिथंच हॉलमध्ये करू. सगळी आपली माणसं तिथंच तर आहेत."

"काकू, मग हे... मग आम्हांला इथं काहून बोलावलं?"

"आता काय सांगू तुले. सण न उठलेल्या घराले कुलूप लावत नाही, बाबू. दिवाबत्ती करायले कोणी तरी बसायलेच लागते. म्हणून बसून राहिली ना मी इतके महिने. बहिणीकडे एक रात्र गेली नाही. तुम्ही आज सण उठवला, मी मोकळी झाली."

दिवाकरला एकदम राग आला. सकाळपासून रेवतकरवर, कोष्ट्यावर, गाडीवर न आलेला सगळा राग त्या एका क्षणी वर आला.

"अहो पण काकू, तुम्ही गेल्यावर इथं राहिलं कोण? आम्ही रोज येतो, जातो, पण मनात असते ना की आपलं एक घर आहे तिथं. घरी काही झालं, पाऊस झाला, तर एक दार उघडं आहे. तेही..."

"तुम्ही गेले तवा मी विचारलं काय?" काकूंचा आवाज चढला नाही. "एकेक जण पाया पडून गेला. मी सगळ्यांले डब्यात पुऱ्या बांधून दिल्या. म्हटलं, पोराबाळांचं पाहायचं आहे, जाऊ द्या. कोणी तरी इथं राहावं असं तुम्हा सगळ्यांलेच वाटते रे. ते कोणी तरी मीच काहून?"

दिवाकरनं घास तोंडात घातला, कारण हातात धरून बसण्यात अर्थ नव्हता. तो गिळताना त्याला कळलं की आपल्याला राग काकूंचा आलेला नाही. आपण जबलपुरात पंख्याखाली झोपायचं आणि पथरोला कुणी तरी आपल्यासाठी राखून ठेवायचा, ही सोय आज संपली होती, आणि संपवायला तो स्वतःच माणसं गोळा करून आला होता. त्याला रडू आलं. पण पाच माणसांत तोंडात पुरी असताना रडता येत नाही.

"चला," तो उठून म्हणाला. "विक्की, सामान उचल."

सामान गाडीपाशी आलं आणि बोलेरोवाल्यानं हात वर केले. "नहीं भैया. मुझे मिलाके आठ जने, ऊपर से पेटी? हायवे पर चेकिंग चल रही है. एक को उतरना पड़ेगा." विक्कीनं त्याला भाऊ म्हटलं, मग साहेब म्हटलं, मग त्याच्या आईवर येणार होता तेवढ्यात दिवाकर म्हणाला, "मी राहतो. उद्या सकाळची शिफ्ट आहेच. उलट झोप जास्त होईल."

"दिवाकर, मग इथंच झोप," काकू म्हणाल्या. "घर उघडं ठेवते. सकाळी कुलूप लाव नि किल्ली आणून दे."

"नाही काकू. तुमच्या हातानं लावा. मी कँटीनमध्ये झोपतो, तिथं पंखा आहे."

मग काकूंनी दार ओढलं, कुलूप लावलं, एकदा ओढून पाहिलं आणि उंबऱ्याला हात लावून तो हात कपाळाला लावला. हर्षा वळून न पाहता गाडीत चढली. अनिमेषनं आपली खिडकीची जागा काकूंना दिली आणि पेटीवर पाय घेऊन बसला. गाडी सुटली. काकूंनी खिडकीतून हात बाहेर काढला, पण तो निरोपाचा होता की पदर सावरायचा ते कळलं नाही.

दिवाकरनं यामिनीला फोन लावला.

"आज येऊन नाही राहिलो. गाडीत जागा नव्हती."

"अगंबाई! आणि सण उठला ना?"

"उठला. काकू येऊन राहिल्या, हर्षा पण. कायमच्या. आपल्या मागच्या गल्लीत."

"हो?" यामिनीचा आवाज एकदम खुलला. "किती छान झालं हो! एकट्या होत्या तिथं बिचाऱ्या. मी चहाचं आधण ठेवते, इकडूनच जातील ना?"

"हौ," दिवाकर म्हणाला. "ठेव."

तो कँटीनच्या दिशेनं निघाला. दिवस मावळत होता, पण अजून नीट दिसत होतं. पत्र्याच्या शेडांकडून चुलींचा धूर येत होता आणि कुणाच्या तरी मोबाईलवर त्याला न कळणाऱ्या भाषेतलं गाणं चाललं होतं. क्वार्टरच्या शेवटच्या ओळीपाशी एक माणूस गाठोडं खाली ठेवून उभा होता. दिवाकरच्याच वयाचा असेल. आजच आलेला दिसत होता. चपलांवर प्रवासाची धूळ होती आणि तोंडावर लांबच्या प्रवासाची ती सुजलेली झोप. ती दिवाकरनं लगेच ओळखली.

"भैया," त्यानं विचारलं, "शेड में जगह नहीं बची. इधर कोई कमरा मिल जाएगा क्या? सब में ताला लगा है. किसके हैं ये घर?"

दिवाकरनं त्या ओळीकडे पाहिलं. तिसरं दार त्याचं होतं. तिथं त्याची लेक चिन्मयी रांगायला शिकली होती.

"पता नहीं, भैया," दिवाकर म्हणाला. "मैं तो जबलपुर से आता हूँ."